ओकखालचा कोपरा

हिवाळा सरता सरता पिल्दोकाका अंगणातल्या बर्फावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. शहरातल्या इस्पितळात आत सळई घातली, बरेच दिवस पडून राहिले, आणि घरी आले ते चार पायांचा वॉकर घेऊन. त्यानंतर ओसरीच्या खांबाला टेकून बसायचं, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून थांबवायचं आणि त्याच्या शेतीत चुका काढायच्या, एवढंच काम त्यांना उरलं. माझं घर लागूनच, म्हणून सगळ्यांत जास्त चुका माझ्याच निघायच्या.

आमच्या सेतगोल गावात आता माणसं मोजकी. मी साठी ओलांडलेला रंडका, आणि गावच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष मीच आहे, कारण माझ्याखालचा कुणी उरलाच नाही. पॉवर टिलर चालवता येणारा मी एकटा. त्यामुळं कुणाची मिरची न्यायची असो की कुणाला दवाखान्यात, लोक माझ्याच दारात येतात, आणि मी कुरकुर करत जातो.

त्या साली पावसानं अगदी कहर केला. भात निसवलं आणि मागोमाग वादळ आलं. माझी निम्मी साळ चिखलात आडवी झाली. डोंगरावर मात्र गवत माजलं होतं. नव्या भाताचा, पौर्णिमेचा छुसॉकचा सण तोंडावर आला की आम्हाला वाडवडिलांच्या थडग्यांवरचं गवत कापावं लागतं. थडग्यांवर गवत तसंच राहिलं, तर त्या घरात मुलगा उरला नाही असं लोक धरून चालतात. आता तर पैसे दिले की माणसं येऊन कापून जातात आणि आधीचा नि नंतरचा असे दोन फोटो फोनवर पाठवतात. माझ्या आईबापांचं गवत माझ्या पोरांनी तसंच कापून घ्या म्हणून सांगितलं होतं. मी त्यांना काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही.

काकांनी मात्र त्यांच्या वाडवडिलांच्या थडग्यांवरचं गवत कायम स्वतः, एकट्यानं आणि विळ्यानं कापलं. कुणी मदतीला येतो म्हटलं की अंगावर धावून जायचे.

सणाच्या दोनेक आठवडे आधी मी त्यांच्या मिरच्या वाळवणीला न्यायला गेलो. ओकजोमकाकू अंगणात चटईवर बसून एकेक मिरची फडक्यानं पुसत होत्या, कात्रीनं देठ छाटत होत्या. पाठ इतकी वाकलेली की बसल्या काय नि उभ्या राहिल्या काय, उंची तेवढीच. काका ओसरीवर. मी पोती भरत होतो.

“औंदा गवत कोन कापनार?” काकूंनी मान वर न करता विचारलं.

“थेसोप येतोय रविवारी. यंतर घिऊन.”

“मंजी तुमी जानार न्हाई.”

“मी कसा जानार? उडत?”

काकूंनी कात्री खाली ठेवली. हाताला लागलेलं तिखट फडक्याला पुसलं. “मग आता मला सांगा. ती कुठं हाय?”

काकांनी वॉकर जवळ ओढला. 

“कोन?” ते म्हणाले.

“तुमाला ठावं हाय कोन.”

“लोकांम्होरं काय काढलंस हे?”

“छिलबोक लोक न्हाई. त्यो तिच्यासंगं खेळलाय.”

छिलबोक म्हणजे मी. तेव्हा मला उमगलं. मी हातातलं पोतं सोडलं, पण जावं की थांबावं ते कळेना.

त्यांच्या मुलाच्या, थेसोपच्या आधी त्यांना एक मुलगी होती. दाल्ले. हे तिचं लाडाचं नाव. वसंतात शेताच्या बांधावर दाल्लेची, म्हणजे रानकांद्याची, हिरवी पात उगवते, तेव्हा झाली म्हणून. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. ती माझ्या मागं मागं यायची आणि माझ्या रबरी चपला उलट्या पायांत घालून पळायची, एवढीच माझी तिची आठवण आहे. तीन वर्षांची झाली आणि गोवरानं गेली. त्या हिवाळ्यात गावातली पुष्कळ पोरं गेली.

एवढ्या लहानग्याला आमच्यात तेव्हा थडगं नसायचं. ना मातीचा उंचवटा, ना पूजा, ना नाव. बाप पहाटे ते लेकरू चटईत गुंडाळायचा, लाकडं वाहायच्या चौकटीवर घालून पाठीवर घ्यायचा आणि डोंगरातल्या कुठल्यातरी घळीत पुरून वर दगड रचायचा, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. जागा आईला सांगायची नाही. कधीच नाही. आईला जागा कळली की ती तिथं जाऊन बसते आणि उठत नाही, मग बाकीच्यांचं कोण बघणार, असं म्हातारी माणसं म्हणत. त्यात त्यांना काही क्रूर वाटत नसे. मला वाटतं. पण मला कोण विचारतो.

“तुमी गेलात की ते तुमच्यासंगं जाईल,” काकू म्हणाल्या. “मग मी कुनाला इचारू?”

“मी कुठं चाललो लगेच?”

“आज न्हाई तर उद्या. मी काय मागतीया? एकडाव जाईन. गवत काढीन. येईन.”

“आठवत न्हाई मला.”

“खोटं.”

“आठवत न्हाई म्हनलो ना! डोंगुर किती बदलला. पाऊस काय, वनवा काय. आता काय आठवनार?”

काकूंनी कात्री उचलली आणि पुन्हा देठ छाटायला लागल्या.  मिरचीनं माझे डोळे झोंबत होते, त्यांचे मात्र कोरडे होते.

“तुमच्या आईनं सांगितलं, सुनंला सांगू नगंस, तुमी न्हाई सांगितलं,” त्या शेवटी म्हणाल्या. “ती मरून किती साल झाली. अजून तिलाच भिता.”

काकांनी तोंड भिंतीकडं केलं.

काकूंनी किती शोधलं हे सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त बोलत कुणी नाही. नेच्याचे कोंब खुडायला जाते, ओकची फळं वेचायला जाते म्हणून जायच्या, आणि डोंगरातली एकेक घळ पालथी घालायच्या. दगडांचा ढीग दिसला की थांबायच्या. माझी आई त्यांच्याबरोबर असायची. आई म्हणायची, ओकजोम प्रत्येक ढिगावर काहीतरी ठेवते, रानबोरं म्हणा, फूल म्हणा, आणि पुढं जाते. कुणाचं का पोर असेना.

रविवारी थेसोप आला. पन्नाशी उलटलेला माणूस, केस पिकलेले, पण आला की अंगणातूनच “आई, भूक” म्हणून ओरडणारा. राजधानीत, सोलमध्ये, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. मनानं चांगला आहे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यावरून कुणी त्याला नावं ठेवू नयेत. गाडीच्या डिकीत नवंकोरं ग्रास कटर, डोळ्यांवर चष्मा, पायांना गुडघ्यापर्यंत पट्टे. काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“लढाईला चाललास जनू.”

“गांधीलमाशा असतात ना, बाबा. दर वर्षी कुणी ना कुणी मरतं, बातम्यांत दाखवतात.”

“मला कधी चावली न्हाई.”

“तुम्हाला ती पण घाबरत असेल.”

काकू आतून हसल्या. काकांनी वॉकर ओढून घेतला आणि त्याच्या जवळ गेले. “हे बघ. वर आजोबा-आजीचं, त्याच्या वर पणजोबा-पणजीचं. तेवढं कर. खाली ओक हाय, त्याच्या बुडचा कोपरा सोड.”

“का?”

“सोड म्हनलो ना. गवत ऱ्हाऊ दे तिथं.”

“बरं, बरं.”

मी त्याला टिलरनं डोंगराच्या वाटेवर सोडलं आणि माझ्या आडव्या पडलेल्या भाताकडं परत गेलो. चार-चार ठोंबांची चूड धरून बांधायची आणि उभी करायची, कंबर मोडेस्तोवर. दिवसभर वरून यंत्राचा भुणभुण आवाज येत होता. मध्येच खडखडला, थांबला, बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला. पातं दगडावर आदळलं असेल असं माझ्या मनात आलं, आणि मी पुढची चूड बांधली.

संध्याकाळी थेसोप घामानं निथळत उतरला. हातांना फोड आलेले, पण चेहरा खुललेला. काकांसमोर उकिडवा बसून त्यानं फोनमधले फोटो दाखवले. काकांना त्या चकचकीत काचेत काय दिसणार? त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

“कोपरा सोडलास ना?”

“तुम्ही काळजी करू नका, बाबा. इतकं स्वच्छ कधीच झालं नव्हतं. यंदा बघाल तुम्ही.”

काकांनी मान हलवली. मुलाच्या हातांवरचे फोड त्यांनी पाहिले होते, आणि मला दिसलं की ते खूश झालेत. “मला वर न्या सनाला,” ते एकदम म्हणाले. “छिलबोक, तुझ्या ट्रॉलीत बसीन.”

सणाच्या आदल्या दिवशी काकूंनी मला जेवायला बोलावलं. माझी पोरं त्या साली सणाची सुट्टी धरून समुद्रकिनारी परदेशात गेली होती. आता पुष्कळजण जातात. मला त्यांनी पोस्टानं डबाबंद मांसाचं खोकं पाठवलं होतं, वर रिबीन बांधून. ते मी काकूंना दिलं. असली खोकी त्यांच्याकडंही दोन आली होती, मग त्यांनी त्यातलं एक मला परत दिलं.

थेसोप आणि त्याची बायको उनग्योंग सकाळी निघून संध्याकाळी पोचले होते. सगळा देश एकाच रस्त्यावर उतरतो त्या दिवशी. आम्ही ओसरीवर बसून उकडीच्या चंद्रकोरी वळायला लागलो. नव्या तांदळाचं पीठ, आत तीळ नि मध, आणि पाइनच्या सुयांवर वाफवायच्या. टीव्ही चालू होता. छुसॉक आला की दर वर्षी टीव्हीवर तीच गोष्ट सांगतात. फार पूर्वी एका राजानं राजधानीतल्या बायकांचे दोन तट पाडले, महिनाभर ताग कातायला आणि विणायला लावलं. पौर्णिमेला मोजदाद व्हायची. ज्या बायका हरल्या त्यांनी जिंकलेल्यांना जेवण करून घालायचं, आणि गात नाचायचं. त्यांचं ते गाणं फार करुण होतं म्हणे. तिथून हा सण सुरू झाला.

“मंजी हरलेल्यांनी रांधायचं,” काकू म्हणाल्या. “तवापासनं आपन हरलेल्याच हाय की काय, उनग्योंग?”

“आपण कधी जिंकलो तर मला सांगा, सासूबाई. मी झोपूनच राहीन.”

सगळे हसले, काकासुद्धा. मी वळलेली चंद्रकोर फुटून तीळ बाहेर आले होते, त्यावरून माझीही यथेच्छ टिंगल झाली. उनग्योंगनं स्वतःची एक तळहातावर धरून दाखवली. नीट, नाजूक कडा. “सुबक वळली की मुलगी देखणी होते म्हणतात. आम्हाला तर मूलच नाही. ही कला वायाच गेली.”

“मी लई सुबक वळायची,” काकू म्हणाल्या. “झाली व्हती देखनी.”

उनग्योंगनं नवऱ्याकडं पाहिलं. थेसोपनं खांदे उडवले. सासूबाईंचं वय झालं, असं दोघांच्या चेहऱ्यावर. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. काका वाफेच्या भांड्याकडं बघत राहिले.

काकूंनी उरल्या पिठाची एक अगदी छोटी चंद्रकोर वळली, करंगळीच्या पेराएवढी. दर वर्षी वळतात. उरलेलं पीठ कशाला टाकायचं, म्हणतात. आणि दर वर्षी दुसऱ्या दिवशी ती ताटातून नाहीशी होते. कोण उचलतं हे काकूंना ठाऊक होतं. माझ्या आईला त्यांनी एकदा सांगितलं होतं की काका ती खिशात घालून डोंगरावर जातात. एका साली जेवणं उरकून सगळे परतल्यावर काका पुन्हा निघाले, तेव्हा त्या लपतछपत मागोमाग गेल्या. पण काका गेले ते थेट वाडवडिलांच्या थडग्यांवर, आणि लेकराला तिथं कुणी पुरत नाही. तेव्हा काकूंनी ठरवून टाकलं की हा माणूस वाटेत ती खातो. पोरीच्या नावाची एवढीशी चंद्रकोर, तीही खातो. तरी वळायच्या मात्र राहिल्या नाहीत.

सकाळी घरची पूजा झाली. नवा भात, मासे, नाशपाती, पूर्वजांपुढं मद्याचा पेला. थेसोपनं साष्टांग नमस्कार घातले. काकांना वाकता येईना, म्हणून ते वॉकर धरून नुसते उभे राहिले. मग मी ट्रॉलीत रजई घातली, आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत बसवलं. उचलताना त्यांच्या अंगात काही वजनच उरलं नाही हे माझ्या लक्षात आलं. त्यांचा एक हात सारखा कोटाच्या खिशावर होता.

वाट खडबडीत. टिलर धडधडत चढला, काका प्रत्येक खड्ड्याला शिवी हासडत होते. मागून काकू, थेसोप आणि उनग्योंग नैवेद्याच्या पाट्या घेऊन पायी. वरच्या वळणावर पाइन संपले आणि उघडं माळरान लागलं. थडगी खरंच सुरेख दिसत होती, न्हाव्यानं डोकं केल्यासारखी. थेसोप पुढं येऊन उभा राहिला. आता शाबासकी मिळणार, अशा बेतानं.

काकांनी थडग्यांकडं पाहिलंच नाही. त्यांनी ओककडं पाहिलं.

ओकच्या बुडाशी जमीन मोकळी आणि सपाट होती. मातीवर नुकतीच हिरवी लव धरलेली. वर एक प्लॅस्टिकची चटई अंथरून ठेवली होती.

“दगड?” काका म्हणाले.

“कसले दगड?”

“इथं दगड व्हते.”

“ते होय! खाली घळीत लोटून दिले, बाबा. गवतात दिसेनात, पातं आदळून तुटलं असतं. म्हटलं, दर वर्षी कटकट नको. आणि बसायलाही जागा झाली, आईला वर उतारावर बसावं लागतं ना, तिचा गुडघा—”

काका ट्रॉलीतून उठले. कसे उठले मला ठाऊक नाही. वॉकर नव्हता हाताशी. त्यांनी ट्रॉलीच्या फळीवरून पाय टाकला आणि सरळ खाली पडले. मी धावलो तोवर ते कोपरांवर सरपटत घळीच्या कडेकडं निघाले होते. थेसोपनं त्यांना मागून मिठी मारली, तर त्यांनी त्याच्या तोंडावर मारलं. लहानपणीसुद्धा त्यांनी त्याला कधी मारलं नव्हतं.

“सोड म्हनलो व्हतो तुला! सोड म्हनलो व्हतो!”

“बाबा, दगड आहेत हो नुसते!”

“तुझी बहीन हाय तिथं.”

 उनग्योंगनं पाटी हळूच खाली ठेवली. मी काकूंकडं पाहायचं टाळलं, आणि मग पाहिलं. त्या पाटी डोक्यावर घेऊन तशाच उभ्या होत्या.

“कुठं?” काकू म्हणाल्या.

काका मातीत तोंड घालून रडत होते. 

काकूंनी मुलाकडं पाहिलं. “थेसोप. दगड कुठं व्हते? नेमके कुठं, दाव मला.”

थेसोपच्या ओठातून रक्त येत होतं. त्यानं चटई ओढून काढली. “इथं, आई. हे इथपासून... इथपर्यंत. एवढेसेच होते.” त्यानं हातानं लांबी दाखवली, आणि दाखवता दाखवताच ती कशाची लांबी आहे हे त्याला कळलं. त्याचे हात तसेच राहिले.

काकू खाली बसल्या. तळहात जमिनीवर ठेवला. पुष्कळ वेळ तसाच. मग त्यांनी वर, आजेसासूच्या थडग्याकडं पाहिलं, जिथं दर छुसॉकला नैवेद्य झाला की आम्ही सगळे बसून जेवायचो.

“मी तिथं बसायची,” त्या म्हणाल्या. “दर साली. हिच्याकडं पाठ करून जेवायची. सगळा डोंगुर धुंडला मी, आनि जेवायला हितं यिऊन बसायची.”

“एकटी कुठं टाकू तिला,” काका मातीतूनच म्हणाले. “घळीत कोल्ही व्हती. म्हनलं, माज्या आजीच्या पायाशी ऱ्हाऊ दे. लेकराला हितं पुरत न्हाईत. कुनाला कळलं असतं तर उकरून काढलं असतं. मग कुनालाच न्हाई सांगितलं.”

“मला बी न्हाई.”

“न्हाई.”

“नंतर? सगळी मेली, नंतर तरी?”

 काकांनी खिशात हात घातला आणि ती पेराएवढी चंद्रकोर काढली. पडताना चेपली होती, तीळ बाहेर आले होते. त्यांनी ती काकूंच्या पुढं धरली.

काकू तिच्याकडं बघत राहिल्या. “मला वाटायचं, तुमीच खाता.”

त्यांनी ती घेतली. पण नवऱ्याच्या हाताला हात लागू दिला नाही, हे मी पाहिलं. त्यांना राग आला होता, आणि का येऊ नये? मला स्वतःला त्या म्हाताऱ्याला हलवून विचारावंसं वाटत होतं, की अरे, एक शब्द बोलला असतास तर तुझं काय गेलं असतं? आणि त्याच वेळी मी त्याला उचलून रजईवर निजवत होतो, त्याच्या तोंडावरची माती पुसत होतो.

थेसोप तोवर घळीत उतरला होता. खाली दगडच दगड, पावसानं आणलेले, कायमचेच तिथले. त्यातून तो एकेक उचलून वर आईला दाखवायचा.

“हा?”

काकू नाही म्हणून मान हलवायच्या. त्यांना काय ठाऊक असणार? काकांना विचारावं तर त्यांचे डोळे मिटलेले. तरी थेसोप उचलत राहिला, दोन्ही हातांनी, हात सोलवटून दगडांना रक्त लागेपर्यंत. उनग्योंग बूट काढून त्याच्या मदतीला उतरली.

“हा, आई?”

या वेळी काकूंनी मान हलवली नाही. हात पुढं केले.

तो एक काळा, गोल, गुळगुळीत दगड होता. नदीतला. “माज्या रांजनातला,” काकू म्हणाल्या. “किमचीचा कोबी दाबायचा. ज्या दिशी पोर गेली त्या दिशी ह्यो बी गेला. सासू म्हनाली, घरातली वस्तू सांभाळता येत न्हाई. लई बोलली मला. महिनाभर बोलत व्हती.” त्यांनी तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्याच्याभोवती घातले. तेव्हा मात्र त्या रडल्या. मोठ्यानं, तोंड उघडून, माझ्या आईच्या वेळी बायका रडायच्या तशा. आता असं कुणी रडत नाही.

नंतर थेसोपनं मिळाले तेवढे दगड त्याच जागी रचले. कुठले तिचे, कुठले घळीचे, आता सांगता येणार नाही. काळा दगड काकूंनी सोडला तेव्हा त्यानं तो सगळ्यांत वर ठेवला.

“नाव काय होतं तिचं?” त्यानं विचारलं.

“दाल्ले.”

पन्नासहून अधिक वर्षांत ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. थेसोपनं गुडघ्यांवरची माती झटकली. लेकरापुढं कुणी वाकत नाही आमच्यात, तशी रीत नाही. मोठा धाकट्यापुढं कसा वाकेल?

“माझ्याहून मोठी ना?”

“मोठीच की,” काकू म्हणाल्या.

तेव्हा त्या पिकल्या केसांच्या माणसानं दगडांपुढं दोन्ही हात टेकले, कपाळ टेकलं, उठला, पुन्हा टेकलं. “ताई,” म्हणाला, आणि पुढं त्याला बोलता येईना.

ऊन कलायला लागलं. काकांना थंडी वाजत होती. मी म्हटलं, “काकू, निघू या आता.”

“तुमी व्हा फुडं. मी बसते जरा तिच्यापाशी.”

थेसोप आणि उनग्योंग काकूंजवळ थांबले. मी काकांना घेऊन निघालो. ट्रॉलीत ते उलटं तोंड करून बसले होते, वर बघत. पहिल्या वळणावर त्यांनी फळीवर हात आपटला, थांब म्हणून. तिथून ओक दिसतो. मी टिलर बंद केला.

ओकच्या बुडाशी काकू एवढ्याशा दिसत होत्या. दोन जण त्यांच्यापुढं वाकून काहीतरी सांगत होते, हात देत होते.

“उठंल का रं ती, छिलबोक?”

“उठतील की, काका.”

“म्हनूनच सांगितलं नव्हतं,” काका म्हणाले.

 आम्ही दोघं तिथंच थांबून बघत राहिलो. काकू उठल्या नव्हत्या.